पाच खंडांची फँटसी मराठीत लिहायची तर आधी नकाशा की आधी निवेदक?

मासुंदाकाठ

मराठीत पाच खंडांची फँटसी लिहायला घेतली आहे. मुलूख ठाणे खाडीवरून बेतलेला आहे. लांब अरुंद खाडी, मुखाशी बंदर, दोन्ही काठांना खाजणं आणि मिठागरं, पश्चिमेला येऊरसारखं रान, पूर्वेला पारसिकसारखी डोंगररांग. तोफा-बंदुका नाहीत. वंशावळी, देवदैवतं, नाणी, सणवार धरून टिपणं ९० पानांवर गेली आहेत, पण पहिलं प्रकरण कितीही वेळा लिहिलं तरी गॅझेटियरच होतं, म्हणजे नुसती मुलखाची माहिती.

टोल्किन, रॉबर्ट जॉर्डन, जॉर्ज आर. आर. मार्टिन, स्टीव्हन एरिक्सन, रॉबिन हॉब आणि ब्रँडन सँडरसन यांच्या मालिका शेजारी ठेवून पाहतो आहे. ‘वर्णन सुंदर’ आणि ‘जग मोठं’ यापलीकडे नेमकी कशाची तुलना करायची? पाच खंडांना किती पात्रांची नजर झेपते? आणि मराठीपुरता प्रश्न: राजा तोंड उघडतो तेव्हा संगीत नाटक सुरू होतं आणि मिठागरावरचा माणूस बोलला की विनोदी स्किट. यावर उपाय काय?

येऊरपायथा

तपशील किती आहे हे मोजू नका. निवेदक पात्रापासून किती लांब उभा आहे, ते मोजा. तुमच्याच मुलखातला एक प्रसंग तीन अंतरांवरून लिहून दाखवतो.

लांबून: *त्या साली पौष अमावास्येच्या उधाणास उत्तरेची बारा शिबाडे बंदराचा पहारा चुकवून खाडीत शिरली. बंदरास खबर पोचली ती दुसऱ्या दिवशी दोन प्रहरी.*

खांद्यावरून (सोना मिठागरावर काम करते; उघाडी म्हणजे बांधातलं पाणी आत घ्यायचं दार): *उघाडीची फळी वर ओढताना सोनाला पाण्यावर काळं काहीतरी सरकताना दिसलं. डोलकाठी. मागे आणखी एक. दिवा एकाही गलबतावर नव्हता. फळी तशीच धरून ती बांधाआड बसली. पाणी आत येतच राहिलं.*

आतून, वर्षांनंतर: *फळी मी वेळेवर खाली सोडली नाही, म्हणून तीन कोंड्या फुटल्या. शिबाडं मोजत होते, असं सगळ्यांना सांगितलं. खरं तर मी डोळे मिटून घेतले होते.*

पहिल्या निवेदकाला साल माहीत आहे, गलबतांची संख्या माहीत आहे, ती कुठून आली तेही माहीत आहे. दुसऱ्याला फक्त डोलकाठ्या दिसतात. तिसऱ्याला त्या रात्रीचा पुढचा परिणाम ठाऊक आहे आणि स्वतःचं खोटंही. पहिलं प्रकरण गॅझेटियर होतं ते बहुधा इथेच: पहिल्याची माहिती दुसऱ्याच्या तोंडी घातली जाते. सोना स्वतःशी असा विचार करणारच नाही की ‘आमच्या बाराशे वर्षांच्या राज्यात मिठावरचा कर सहावा हिस्सा आहे’. करवसुली करणारा आला की टोपली कुठे लपवायची, एवढंच तिच्या मनात येईल.

आता हीच मोजपट्टी मालिकांना लावा. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये टोल्किन बहुतेक वेळ हॉबिटांच्या, म्हणजे त्यांच्या बुटक्या नायकांच्या, जवळ चालतात, पण वाटेल तेव्हा वर उठतात. सुरुवातीच्या प्रवासात वाटेवरचा एक कोल्हा झोपलेल्या हॉबिटांबद्दल क्षणभर विचार करतो आणि निघून जातो. हे फक्त पहिल्या प्रकारच्या निवेदकाला जमतं. मार्टिन दुसरं अंतर कडक पाळतात. प्रकरणाचं शीर्षक म्हणजे बहुतेक वेळा पात्राचं नाव, आणि त्या पात्राला जे कळलेलं नाही ते त्या प्रकरणात नाही. हॉब यांची फिट्झ या नायकाची पुस्तकं तिसऱ्या अंतरावरची, वय झालेल्या माणसाने मागे वळून लिहिलेली. शिवाय प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला इतिहासाचा, पत्राचा किंवा एखाद्या दस्तऐवजाचा तुकडा असतो. गॅझेटियरची भूक भागवायची ती योग्य जागा. तुमच्या ९० पानांतली बरीच माहिती तिथे जाईल, दर प्रकरणाला सत्तर-ऐंशी शब्दांच्या हिशोबाने.

‘मलझन’ मालिकेत एरिक्सनही मार्टिन यांच्यासारखेच क्रमांक दोनच्या अंतरावर आहेत, पण त्यांची पात्रं आपल्याला जे माहीत आहे ते कुणाला समजावत नाहीत. पहिल्या खंडात वाचक गोंधळतो तो त्यामुळे. त्यांनी आणि इयान एस्लमाँट यांनी ते जग आधी रोल-प्लेइंग गेम म्हणून वर्षानुवर्षं खेळलं होतं, एरिक्सन यांचं शिक्षण पुरातत्त्व आणि मानववंशशास्त्राचं. खापरी वरच्या थरात सापडते, तिचा अर्थ चार थर खाली गेल्यावर लागतो, तशी ती मालिका वाचावी लागते. नवख्या लेखकाने हा प्रकार पहिल्याच खंडात करू नये. दर पानाला काहीतरी ठोस घडत राहिलं तरच वाचक न कळणारे शब्द सहन करतो.

ऐरोलीपूल

येऊरपायथा यांचं निवेदकाबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. पण निवेदक आधी ठरवा आणि जग नंतर, हे मला पटत नाही. आधी नकाशा काढून कथा त्यात बसवली हे शहाणपणाचं ठरलं, असं टोल्किन यांनीच १९५४ सालच्या एका पत्रात लिहिलं आहे. त्यांच्या कथेत नायक रिव्हेंडेल या ठिकाणाहून अंगठी नष्ट करायला निघतात ती तारीख २५ डिसेंबर आणि अंगठी नष्ट होण्याची २५ मार्च. मधल्या तीन महिन्यांतली अंतरं आणि चंद्राच्या कला त्यांनी तपासून घेतल्या होत्या. वाचकाला हा हिशोब दिसत नाही, पण प्रवासाचा थकवा खरा वाटतो तो त्यामुळेच.

वर दिलेला प्रसंग घ्या, त्यात पौष अमावास्या निवडली आहे. आपल्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला भरती साधारण दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास येते, अष्टमीला सहाच्या सुमारास. रोज ती सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. म्हणजे अमावास्येच्या संध्याकाळी सहाला पाणी तळाला असतं आणि तिथून चढायला लागतं. ठाणे खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब. पाणी मागून ढकलत असताना लादलेलं गलबत ताशी पाच किलोमीटर धरा. पौषात सातला पुरता अंधार पडतो. सातला मुखातून आत घुसलेली गलबतं मध्यरात्री खाडीच्या टोकाला पोचतात, तेव्हा उधाणाचं पाणी मिठागराच्या बांधाला टेकलेलं असतं, आणि सोना नेमकी त्याच वेळी उघाडी उघडायला आलेली असते, कारण मिठागरात पाणी घ्यायचं तेही उधाणालाच.

पुढे काय होतं? पहाटे सहाला ओहोटी पूर्ण. टोकाशी खाडी उथळ आहे, तेव्हा गलबतं चिखलात बसणार ती दुपारपर्यंत. शत्रूने तीन तासांत काम उरकून परत फिरायचं, नाहीतर गुडघाभर गाळात लढायचं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी पुरेसं चढतच नाही, त्यामुळे असा हल्ला महिन्यात दोनदाच शक्य आहे. हे बंदराच्या किल्लेदाराला माहीत असणार, म्हणून त्या रात्री पहारा दुप्पट असणार. तरी पहारा चुकला, तर कुणीतरी फितूर आहे. बघा, एका भरतीच्या वेळापत्रकातून पहिल्या खंडाचा पेच निघाला. ९० पानांतल्या प्रत्येक टिपणाला हाच प्रश्न विचारा: यामुळे कुणाला काय करता येत नाही? उत्तर नसेल तर ते टिपण दुसऱ्या खंडापर्यंत बाजूला ठेवा.

सँडरसन यांच्या स्टॉर्मलाइट मालिकेत हे फार स्वच्छ दिसतं. महावादळं पूर्वेकडून पश्चिमेला जातात हा एक नियम. त्यातून गवत वारा लागताच बिळात शिरतं, प्राणी कवचाचे होतात, घरांची पूर्वेची बाजू बंद असते, आणि काचेच्या गोळ्यांतल्या रत्नांत वादळाचा प्रकाश भरला की तेच नाणं आणि तोच दिवा. अगदी पश्चिमेला डोंगरांच्या आड असलेल्या एका देशात मात्र साधी माती आणि साधं गवत. नियम एक, परिणाम डझनभर. जादूबद्दल त्यांचं सूत्रही असंच आहे: वाचकाला जादू जितकी समजलेली, तितकीच तिच्या जोरावर पेच सोडवण्याची मुभा.

तुमच्याकडे वादळाऐवजी मीठ आहे, तेव्हा हिशोब मिठाचा करा. समुद्राच्या हजार लिटर पाण्यात सगळे क्षार मिळून ३५ किलो, त्यात खाण्याचं मीठ २७ किलोच्या आसपास. पावसाचे चार महिने उत्पादन शून्य. जूनच्या आधी राशी पेंढ्याने शाकारल्या नाहीत तर वर्षाची कमाई वाहून जाते. माणशी वर्षाला पाच किलो धरलं तर दहा हजार वस्तीच्या डोंगरी शहराला ५० टन लागतात. एका बैलाच्या पाठीवर शंभर किलो, म्हणजे ५०० बैलांच्या खेपा, आणि त्या सगळ्या दिवाळी ते ज्येष्ठ या काळातच. घाट कुणाच्या ताब्यात आहे यावर राज्य टिकतं की पडतं, हे आता वेगळं सांगावं लागत नाही.

सैन्याचाही असाच हिशोब ठेवा. माणशी रोज किलोभर धान्य, घोड्याला आठ-दहा किलो चारा-दाणा आणि २५ ते ४० लिटर पाणी. पायी मोकळा माणूस दिवसाला २५-३० किलोमीटर जातो, सामानासकट सैन्य १२ ते २०. पानांवर सगळ्यात जास्त चुका इथे होतात: पन्नास हजारांची फौज तीन दिवसांत डोंगर ओलांडते आणि कुणी जेवत नाही.

अवांतर: महाभारतातल्या अक्षौहिणीचे, म्हणजे एका सैन्यविभागाचे, आकडे पाहा. २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे, १,०९,३५० पायदळ. प्रत्येक आकड्यातल्या अंकांची बेरीज १८, पर्वं १८, युद्ध १८ दिवसांचं, अक्षौहिणीही १८. हे आकडे रसद मोजायला नाहीतच. तुमच्या जगातल्या पोथ्यांत असे आकडे जरूर वापरा, सेनापतीच्या वहीत मात्र नको.

पारसिकधार

पाच खंड म्हटल्यावर मधल्या खंडांचं बोलायला हवं. मालिका तिथेच फसतात आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं: एकाच काळात फार ठिकाणी फार डोळे.

जॉर्डन यांच्या ‘व्हील ऑफ टाइम’चे १४ खंड आणि एक पूर्वखंड, मिळून सुमारे ४४ लाख शब्द. २००३ साली आलेला दहावा खंड वाचकांना सर्वांत जड गेला, कारण त्याचा मोठा भाग नवव्या खंडाच्या शेवटच्या घटनेच्याच वेळी इतर लोक काय करत होते, हे सांगण्यात जातो. मोठी घटना वाचकाने आधीच पाहिलेली असते, घड्याळ मात्र मागे गेलेलं. २००७ साली जॉर्डन गेले आणि त्यांच्या टिपणांवरून सँडरसन यांनी शेवटचे तीन खंड २००९ ते २०१३ मध्ये पूर्ण केले. दुसऱ्या माणसाला ते पूर्ण करता आले यात त्या टिपणांचं मोल दिसतं. टिपणं वाया जात नाहीत, फक्त ती कादंबरीत ओतायची नसतात.

मार्टिन यांच्या पहिल्या खंडात, १९९६ साली, प्रस्तावनेचं प्रकरण सोडून आठ पात्रांची नजर आहे आणि ७२ प्रकरणं, सरासरी नऊ. तिसऱ्या खंडानंतर कथेत पाच वर्षांची उडी घ्यायचा बेत होता, तो सोडावा लागला. पुढचा मजकूर एका पुस्तकात मावेना, तेव्हा तो काळाऐवजी प्रदेशावर तोडला: २००५ सालच्या चौथ्या खंडात काही प्रदेश, २०११ सालच्या पाचव्यात बाकीचे. चौथा खंड वाचताना लोकांची आवडती पात्रं गायब होती, ती यामुळे. टोल्किन यांनीही दुसऱ्या खंडात धागे वेगळे ठेवले, आधी संपूर्ण पश्चिमेकडचा, मग अंगठी घेऊन निघालेल्या फ्रोडो आणि सॅम या हॉबिटांचा. तिथे ते पेललं, कारण धागे मोजकेच होते आणि अख्खी कादंबरी पावणेपाच लाख शब्दांच्या आसपास.

मराठी गणित करू. छापील पानाला २८० शब्द धरले तर ४३० पानांचा खंड म्हणजे एक लाख वीस हजार शब्द. तीन हजारांचं प्रकरण, ४० प्रकरणं. चार पात्रं घेतली तर प्रत्येकाला दहा, आठ घेतली तर पाच. पाच प्रकरणांत माणूस बदलताना दाखवणं फार कठीण. पहिल्या खंडात चार, दुसऱ्यात एकाची भर, आणि भर घालताना आधीचा एक धागा बंद करायचा, हे मी ठामपणे सांगेन. हजेरीपुरतं पात्र हवं असेल तर सँडरसन करतात तसं भागांच्या मध्ये दीड-दोन हजार शब्दांचं एखादं छोटं प्रकरण द्या. त्या माणसाचा पुढे आपल्यावर काही हक्क राहत नाही.

एक तक्ता सुरुवातीपासून ठेवा: प्रकरण, तिथी, भरतीची वेळ, ठिकाण, कुणाची नजर, त्याला त्या क्षणी काय माहीत आहे, वाचकाला नवं काय कळलं. सहावा रकाना कंटाळवाणा आहे, पण सर्वांत महत्त्वाचाही तोच. निरोप बंदराहून घाटमाथ्यावर जायला दोन दिवस लागतात, आणि तिसऱ्या प्रकरणात माथ्यावरचा राजा आदल्या रात्रीच्या हल्ल्याबद्दल बोलतो आहे, हे फक्त तिथेच पकडलं जातं.

कोपरीनाका

भाषेबद्दल. टोल्किन यांची एक युक्ती मराठीला अगदी बसते. आपण एका जुन्या पोथीचं भाषांतर करतो आहोत, असा त्यांचा बहाणा आहे. हॉबिटांची बोली ते आजच्या इंग्रजीत देतात, आणि तिच्याशी दूरचं नातं असलेली घोडेस्वारांची भाषा जुन्या इंग्रजीत. शब्द खरे नाहीत, भाषांमधलं नातं खरं आहे.

मराठीकडे असे थर तयारच आहेत. घाटमाथ्यावरच्या जुन्या राज्याच्या पोथ्यांना ‘लीळाचरित्रा’ची आखूड वाक्यं आणि ‘म्हणितले’सारखी रूपं. बंदराच्या कारभाराला फारसी वळणाचे शब्द: जकात, हवालदार, किल्लेदार, दस्तक. पुरोहितांना तत्सम. शिवकाळात रघुनाथ पंडितांनी ‘राज्यव्यवहारकोश’ केला, सुमारे १४०० कारभारी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. शब्द बदलणं हीच तिथे सत्तेची घोषणा होती. दुसऱ्या खंडात नवा राजा ‘जकात’ म्हणायला बंदी घालतो आणि मिठागरावर कुणीच त्याचं ऐकत नाही, एवढ्यात एक अख्खं प्रकरण आहे.

येऊरपायथा यांच्या नमुन्यात एक गोष्ट सहज आली आहे. लांबच्या निवेदनात ‘शिबाडे’ आणि ‘उधाणास’, जवळच्यात ‘शिबाडं’ आणि ‘दिसलं’. हा नियमच करा. दस्तऐवज आणि बखरीला ‘केले, होते, -स’. पात्राच्या नजरेला ‘केलं, होतं, -ला’. वाचकाला शीर्षकाशिवाय कळतं की आता कोण बोलतंय. बखरीचा सूर कानात बसवायला सभासदाची बखर पुरे.

राजाचं नाटकी होतं, कारण त्याला विशेषणं दिली जातात. त्याच्याकडून विशेषणं काढून घ्या आणि वाक्यं तोडा. अधिकार सर्वनामांतून दाखवा, ती सोय इंग्रजी मालिकांना नाही. राणी सेनापतीला पहिल्या खंडात ‘तुम्ही’ म्हणते, चौथ्यात एकदाच ‘तू’ म्हणते आणि दरबार गप्प होतो.

मिठागरावरच्या बोलीत दोनच खुणा ठेवा: ण चा न आणि ळ चा ल. पानी, कालं, डोला. शिवाय ‘दादूस’सारखी एक-दोन संबोधनं. सगळं उच्चाराबरहुकूम लिहिलं की वाचक अडखळतो आणि पात्र हास्यास्पद होतं. सोनाच्या मनातलं निवेदन प्रमाण मराठीतच ठेवा, बोलणं फक्त बोलीत. विचार करणारी म्हणून तिला तेवढा मान मिळालाच पाहिजे. आणि बोलीतली विनोदी वाक्यं तिच्याऐवजी बंदरावरच्या शहाण्या कारकुनाला द्या, तोल सांभाळला जातो.

नावांचंही तसंच. देवनागरीत डोळा पहिलं अक्षर पकडतो. वीरसेन, वीरभद्र, विक्रांत अशी तीन नावं एका दरबारात नकोत. वर्णमालेचा तक्ता करून एका अक्षराला जास्तीत जास्त दोन.

मासुंदाकाठ

मनापासून आभार. शिबाडं उत्तरेची आहेत हे सोनाच्या प्रकरणातून काढलं, ते किल्लेदाराच्या रोजनिशीत जाईल. एक अडचण उरते. वाचकाला घाट, बंदर आणि मिठागर यांचं नातं पहिल्या पन्नास पानांत कळायलाच हवं. ते कोण सांगेल?

येऊरपायथा

ज्याला ते कळून घेण्याची निकड आहे, त्याने विचारायचं. भीष्मपर्वात कुरुक्षेत्रावर दोन्ही सैन्यं उभी असताना संजय आधी जंबुखंड, नद्या, पर्वत, जनपदं यांचं लांबलचक वर्णन करतो. ते पेलतं, कारण विचारणारा धृतराष्ट्र आहे: ज्या भूमीसाठी हे राजे जीव द्यायला निघाले, ती आहे तरी कशी? आणि त्यानंतर लगेच भीष्म पडल्याची बातमी येते, मग कथा मागे जाऊन ते कसं घडलं हे सांगते. माहिती, मग धक्का, मग कारण. तुमच्याकडे नवा किल्लेदार घ्या, घाटावरून आलेला, भरती म्हणजे काय हे न कळणारा. त्याला पहाऱ्याची रात्र ठरवायची आहे, म्हणून तो जुन्या तांडेलाला, म्हणजे गलबताच्या म्होरक्याला, विचारतो. तांडेल फितूर असेल तर त्याच्या उत्तरातली एक वेळ चुकीची असेल, आणि ती नेमकी कोणती हे वाचकाला सोनाच्या प्रकरणात कळेल.

ऐरोलीपूल

हे फारच चांगलं. मग पुस्तकाच्या सुरुवातीचा नकाशाही त्या तांडेलाचाच द्या. खोली वावांत (वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांचं अंतर), फुटांत नको. अंतराचं प्रमाण मैलांत नको, भरतीत: मुखापासून मिठागरापर्यंत एक भरती, अलीकडच्या बेटापर्यंत अर्धी. घाटाच्या पलीकडे कोरं ठेवा, तो तिथे कधी गेलेला नाही. दुसऱ्या खंडात लमाणांच्या तांड्याचा नकाशा येईल, त्यात खाडीच्या जागी फक्त ‘मीठ’ एवढंच लिहिलेलं असेल.